वीस पानं

पत्रकात लिहिलंय : वीस कामं,
सगळी अर्जदाराच्या स्वतःच्या हातची.

हिरेमठ सर म्हणाले, स्थिरचित्रं चार ठेव,
माणसं जमतील तेवढी,
आणि किल्ला नको.
सोलापूरचं प्रत्येक पोर किल्ला घेऊन जातं,
नाहीतर तलावातलं देऊळ.
परीक्षकांना आपले बुरूज आता दगडांसकट पाठ झालेत.

मग मी अम्माचे हात काढायला बसले.
अम्मा थांबत नाही.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पत्र्याच्या साच्याभोवती कात्री फिरते, पान पडतं,
विडी वळते, दोरा बसतो,
आणि मी अजून अंगठ्याच्या नखावरच असते.
‘जरा धर ना तसाच हात.’
‘धरते की. हजार विड्या तू वळ.’
सोळा कागद वाया गेले.
सतराव्यावर बोटंच नाहीत,
नुसत्या गोल गोल रेघा, मध्ये कात्रीचं एक टोक.
सरांनी तो बराच वेळ हातात धरला.
म्हणाले, हा ठेव.

रंगाला वेगळाच त्रास.
गल्लीत चार शेड, दिवसभर खडखडाट,
हवेत सुताचा भुगा.
ओल्या काळ्यावर तो येऊन बसतो, वाळतो, निघत नाही.
माझ्या प्रत्येक रात्रीच्या चित्रात
पांढरं काहीतरी उडतंय.
ते कुणाच्या हातचं, हे पत्रक विचारत नाही.

शेवटचं स्थिरचित्र मांडलं :
तांब्या, दोन लिंबं, मागे आमची चादर.
दुसऱ्या प्रतीची, काठ सुटलेली, म्हणून घरात आलेली.
तांब्या अर्ध्या तासात झाला.
चादरीत तीन दिवस गेले.
मोर घडीत शिरतो,
चोच या घडीवर, डोळा त्या,
पिसारा तर सगळा खाली दुमडलेला.

तो मोर नान्नाचा.
नान्ना तेव्हा आलेख-कागदावर नक्षी भरायचे,
एका मोराला अकरा रात्री.
चौकोन भरला की धागा वर,
रिकामा सोडला की खाली.
‘चित्र म्हणजे एवढंच,’ म्हणायचे.
कागद मालकाकडे जायचा,
मोर गावोगावच्या पलंगांवर,
आणि पगार शनिवारी.
मग संगणक आला.
आता ते टॉवेल मोजून गठ्ठे बांधतात.

परवा रात्री माझ्यामागे येऊन उभे राहिले.
अंगाला खळीचा वास.
बराच वेळ काही नाही.
मग : ‘मान चुकली.’
‘घडी आहे तिथे, नान्ना, म्हणून तशी दिसते.’
‘घडीतसुद्धा मान सातव्या घरातच वळते.’
आणि माझ्या हातातली पेन्सिल त्यांनी घेतली.
मी नको म्हणेपर्यंत
जिथे चौकोन नव्हतेच तिथे
मोजून अकरा चौकोन भरले, बारीक, सारखे,
एकही रेघ बाहेर नाही.
मग पेन्सिल परत दिली
आणि चूळ भरायला मोरीकडे गेले.

मान आता बरोबर आहे.
खोडरबर समोरच आहे.

पहाटे साडेसहाला समीनाच्या भावाचा फोन मागून आणला.
सातनंतर गच्चीवर ऊन असं पडतं
की कागदावर आपलीच सावली काळी उमटते.
चार कोपऱ्यांवर चार खडे,
कागद तरी कडेने वळतोच.
एकोणीस झाले.

विसाव्याच्या मागच्या बाजूला मी लिहिलं :
यातले अकरा चौकोन मल्लेशम चिप्पा यांचे.
फॉर्ममध्ये मागच्या बाजूचा फोटो लावायला जागा नाही.
तरी काढून ठेवला.

खालून अम्मा ओरडतेय, चहा गार होतोय.
फोनवर गोल फिरतोय.
शेजारच्या शेडचं बटण दाबलं कुणीतरी,
पहिला धोटा सुटला.